पगारी पोट्ट्या

बॉल माझ्या पायाशी आला आणि मी तो मारला. एवढंच झालं होतं.

गोलपोस्टच्या मागे, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून एक फरशी होती. मी तिच्यावर बसले होते, कारण मला पाळी आली होती. पाळी आली की त्या फरशीवर बसायचं, बॉलला शिवायचं नाही, बुटांच्या पेटीला शिवायचं नाही, मैदानात पाय ठेवायचा नाही, असा आमच्या क्लबचा नियम होता. बाकीच्या पोरी सराव करत होत्या. कुणाचा तरी फटका चुकला आणि बॉल उड्या मारत थेट माझ्याकडे आला. फॉरवर्ड खेळणाऱ्या पोरीच्या पायाशी बॉल आला तर ती काय पंचांग पाहत बसेल? पाय आपोआप गेला. बसलाही झकास. समोर इंदू उभी होती. तिने तो छातीवर घेतला आणि हसली.

"शिवली! शिवली व माय! बॉलले शिवली हे पोट्टी!"

ही काशीमावशी. आमच्या होस्टेलवर क्लबच्या मालकांनी नेमलेली बाई. तिचा आवाज एवढा की, रुईच्या गाठी वाहणारे हमाल जागच्या जागी थांबले. ऑफिसातले बाबू दारात आले. मी का बसले आहे हे सगळ्यांना रोज दिसायचंच, आता ते ओरडूनही सांगितलं गेलं.

"इंदे, तूही शिवली. हलू नको. अन् तुमी कोणी कोणाले हात नका लावू!"

पोरी हात अंगापासून लांब धरून उन्हात उभ्या राहिल्या. आमची अख्खी टीम, मूर्ख बाहुल्यांसारखी. मावशीने बॉल काठीने ढकलत नळाखाली नेला. ऑफिसच्या वरच्या गच्चीत मालकांची आई बसलेली असायची. तिला सगळे माँजी म्हणायचे. तिने वरून गोमूत्राची बाटली पाठवली. इंदूला कपड्यांसकट नळाखाली बसवलं. हमालांपैकी कोणीतरी शिट्टी मारली.

"पायाले अक्कल नाई काय तुह्या?" मावशी मला म्हणाली.

मालक ऑफिसच्या पायरीवर आले होते. ते चिडले नाहीत. हसले.

"जाऊ दे मावशी. यायच्यात पाळत नाईत हे. शिकवा जरा."

यायच्यात. म्हणजे आमच्यात. आमच्या वस्तीत, आमच्या जातीत. मी मान खाली घातली. वय होतं अठरा, आणि मला तेव्हा राग आला नाही. मला लाज वाटली. त्या लाजेची आज चीड येते.

हा क्लब कसा निघाला ते सांगते. वर्ध्यात मालकांची जिनिंग होती, दुकानं होती, शेती होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुठल्याशा मोठ्या शहरात त्यांनी मुलींचा फुटबॉलचा सामना पाहिला, तिथे बक्षीस द्यायला मोठमोठे लोक आलेले पाहिले, आणि परत येऊन जाहीर केलं की आपल्या जिल्ह्यातही पगारी मुलींचा क्लब काढायचा. पगारी! खेळायचे पैसे मिळतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बड्या घरच्या पोरी हाफपँट घालून चारचौघांत धावणार नव्हत्या. म्हणून मालकांची जीप सेलूकडच्या, केळझरकडच्या खेड्यांत फिरली, आणि वस्त्यांतल्या पोरी गोळा झाल्या. कोणाचा बाप सालदार, कोणाचा हमाल, कोणाची माय निंदणाला जाणारी. गावात लोक आम्हाला पगारी पोट्ट्या म्हणायचे. आधी कौतुकाने म्हणायचे.

माझी माय म्हणाली होती, "फुकट कोणी कोणाले बूट देत नाई. डोळे उघडे ठेवजो."

मी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पायात बूट आले होते. त्याआधी मी पोरांबरोबर अनवाणी खेळायचे, तेही पोरं घेतील तेव्हा. इथे खरा बॉल, चुन्याच्या रेघा, जाळीचा गोल, पाठीवर नंबर. पगार घरी जायचा, त्याचं मला फारसं काही नव्हतं. मला खेळायचं होतं. माझ्याकडून ते काढून घेतलं तर मी काय उरणार, ही भीती मला पहिल्या महिन्यातच बसली होती, आणि ती मालकांनी ओळखली होती.

आमच्या घरात विटाळ पाळत नसत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा उचलून बोर नदीत सोडला होता. मायनेही पाळी कधी पाळली नाही. ती चुलीपाशीही असायची आणि पाणीही भरायची. फरशीचं मी तिला बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती भाकर थापत होती. हात थांबले नाहीत तिचे. "तुह्या आजानं जे नदीत टाकलं ते तू तिथं पगारावर उचलून राह्यली," एवढंच बोलली. मी दुसऱ्या दिवशी परत वर्ध्याला गेले.

आधी नुसती फरशी होती. पावसाळ्यात तिच्यावर पत्र्याची शेड आली. चला, भिजायचं तरी नाही, असं आम्हीच म्हणालो. मग शेडला तिन्ही बाजूंनी पत्रे लागले. मग दार आलं. मग दाराला बाहेरून कडी. प्रत्येक वेळी वाटायचं, आता याच्यापुढे काय होणार. आणि प्रत्येक वेळी पुढचं काहीतरी तयार असायचं. सकाळी मावशी होस्टेलच्या दारात उभी राहून एकेकीला विचारायची. पुढे विचारणं बंद झालं. ती तपासायची. कसं, ते लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमचे कोच, आम्ही त्यांना नुसते सर म्हणायचो, रेल्वेतून निवृत्त झालेले. खेळ सोन्यासारखा शिकवायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "सर, शेडमध्ये बसल्यावर आमचा सराव बुडते, तुमी बोलत काऊन नाई?" सरांनी गळ्यातली शिट्टी चाचपली. "मी खेळाचं पाहतो. बाकीचं त्यायचं घर हाय," म्हणाले.

दुसऱ्या वर्षी मालकांनी ठरवलं, नवरात्रात आपल्याच मैदानावर स्पर्धा भरवायची. जिनिंगच्या आवारात देवीचं देऊळ होतं, मैदान त्याच्या समोरच. माँजींचा नवस होता म्हणे. फायनल दसऱ्याला. नागपूरहून राज्याच्या टीमसाठी निवड करणारी माणसं येणार होती. आम्ही हवेतच होतो. पण माँजींनी अट घातली की देवीच्या दिवसांत एकही पोरगी 'बसलेली' चालायची नाही.

त्यानंतर गोळी सुरू झाली.

पांढरी, बारीक. संध्याकाळच्या जेवणानंतर मावशी ताकाच्या पेल्यासोबत द्यायची. आधी एका बाहेरगावच्या सामन्यासाठी देऊन पाहिली, तेव्हा चारेक दिवसांचा प्रश्न होता. मग दुसरा सामना आला. मग शेडच नको, कटकटच नको, असं ठरलं असावं. पावसाळा लागला तसा गोळीला खंडच उरला नाही.

"कशाची व मावशी?" इंदूने विचारलं.

"ताकदीची."

"मंग तुमी काऊन नाई खात?"

सगळ्या हसलो. मावशी हसली नाही. "तोंड उघड," म्हणाली. "जीभ वर कर." त्या दिवसापासून ती गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहू लागली.

इंदू अशी होती. केळझरकडची, उंच, शिडशिडीत, आमची बॅक. तिच्यापुढून बॉल काढणं म्हणजे भिंतीतून जाणं. तोंडाने फटकळ. माझ्या शेजारची खाट तिची. तिची गोळी मला रोज दिसायची, माझी तिला. पाळी बंद झाल्याचं आधी सगळ्यांनाच बरं वाटलं. शेडला कुलूप लागलं होतं, रोज सराव, रोज बॉल. आम्ही खुश होतो. किती सहज खुश होतो आम्ही.

मग एकीचं डोकं धरलं. एकीला उलट्या. माझे पाय रात्रंदिवस ठणकायचे. इंदूचे पाय एवढे सुजले की तिला बूट होईनात. नाड्या काढून खेळायला लागली. भादव्यात तिच्या कपड्यावर डाग दिसायला लागले. थोडे थोडे, पण थांबायचे नाहीत. ती कपड्यावर कपडा बांधायची आणि मावशीची नजर चुकवायची.

"सरले सांग," मी म्हणाले.

"सांगून काय होते? कुलूप काढतीन अन् मले आत कोंडतीन. निवडीचे लोक येऊन राह्यले, बाई. मी दसऱ्यापर्यंत ओढतो."

तिचे ओठ पांढरे पडले होते. ती हसली की ते जास्त दिसायचं. 

दसऱ्याच्या सकाळी आवारात सगळ्या वस्तूंची पूजा झाली. जिनिंगचे सरकी काढायचे रेचे, तराजू, ट्रक. आमचे बॉल आणि बूटही देवीसमोर मांडले होते, त्यांना हळदीकुंकू. मालकांची नवी पांढरी गाडी देवळासमोर उभी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा जाड हार. आम्हाला त्या दिवशी नव्या पांढऱ्या हाफपँट दिल्या होत्या. पांढरा रंग माँजींनी निवडला होता.

दुपारी मैदान माणसांनी फुललं. मांडवात खुर्च्यांवर पाहुणे. नागपूरची टीम तगडी होती, पण आम्ही एका गोलने पुढे होतो. तो गोल मी केला होता. मला त्याचा आनंद आठवत नाही. मला आठवतं ते हाफटाइमला इंदू पेला दोन्ही हातांनी धरून पाणी पीत होती.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांना कॉर्नर मिळाला. इंदू हेड करायला उडाली. बॉल तिने काढला. खाली आली, दोन्ही पायांवर आली, आणि मग गुडघ्यांत वाकून तिथेच बसली. मला वाटलं मुरगळला पाय. मी पळत गेले. तिची पांढरी हाफपँट पांढरी राहिली नव्हती. मुरमाच्या जमिनीवर रक्त पसरत होतं, थेंब थेंब नाही, ओघळ.

रेफ्रीने शिट्टी मारली. मग कुठून तरी एकजण खिदळला.

मांडवातून मालकांचा आवाज आला, माईकवरून. "बाहेर घ्या तिले आधी. बाहेर घ्या. पाहुणे हायेत." आणि रेफ्रीला: "खेळ थांबवू नका."

काशीमावशी आली ती बादली घेऊन. मला वाटलं इंदूसाठी पाणी आणलं. तिने ते जमिनीवर ओतलं. देवळासमोरची जमीन ती धूत होती. इंदू हातभर अंतरावर पडली होती आणि मावशी तिच्या बाजूने, तिला न शिवता, जमीन धूत होती.

कोणीही तिला उचलत नव्हतं. मी आणि आणखी तिघींनी उचललं. ती हलकी झाली होती. आम्ही तिला घेऊन गाडीकडे धावलो, कारण आवारात दुसरी गाडी नव्हती. पूजा होताच ट्रक गेले होते, पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर लांब उभ्या, हमाल सुट्टीवर. मालकांचा ड्रायव्हर दोन्ही हात पसरून आडवा झाला.

"हिच्यात नको आणू व. आजच पूजा झाली. माह्यी नोकरी जाईन. रस्त्यावरून ऑटो आणतो, थांब."

"मरून राह्यली ते!"

"अवं पण सीट..."

तेव्हा मी माझे हात पाहिले. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते. आणि मला एकाएकी सगळं स्वच्छ दिसलं. दोन वर्षं ज्या गोष्टीने मला मैदानाबाहेर बसवलं, ती आज माझ्या हातात होती.

मी दोन्ही पंजे बॉनेटवर ठेवले. स्वस्तिकावर. दाबून ठेवले. मग काचेवर. मग दारावर. दार उघडून आत वाकले आणि पांढऱ्या कव्हरवर हात पुसले, पुढच्या सीटवर, मागच्या सीटवर.

"शिवली आता गाडी," मी म्हणाले. "तुमच्या कामाची नाई राह्यली. आणा चाबी."

वर गच्चीत माँजींनी तोंडावर पदर घेतला. मालक मांडवातून उतरून आले. मी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. चेहरा काळानिळा.

"तुले समजते का तू काय करून राह्यली?"

"समजते."

त्यांनी मारायला हात उचलला. हात वर गेला आणि तिथेच थांबला. माझ्या गालावर इंदूचं रक्त होतं. मारायचं तर त्यांना मला शिवावं लागलं असतं. ते मला शिवू शकत नव्हते. एवढा मोठा माणूस, एवढी इस्टेट, आणि त्याचा हात हवेत अडकून राहिला. आमच्या पायात अडकवायला केलेला नियम त्याच्याच हातात अडकला. मी त्या हाताकडे पाहतच राहिले, आणि माझी भीती संपली. थोडी नाही, पूर्ण.

ड्रायव्हरने चावी जमिनीवर टाकली. ती सरांनी उचलली. ते चालवायला बसले. दवाखान्यापर्यंत ते बोलले नाहीत, आणि नंतरही जेव्हा बोलायची गरज होती तेव्हा बोलले नाहीत. गाडी चालवली, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहिते.

दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या. त्यांनी इंदूच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि रक्त आणायला माणूस पळवला. मग माझ्याकडे वळल्या.

"कोणती गोळी घेत होती?"

"पांढरी."

"नाव काय गोळीचं?"

माहीत नव्हतं. आम्ही सगळ्याजणी पावसाळाभर ती गिळत होतो आणि आम्हाला तिचं नाव माहीत नव्हतं. डॉक्टरबाई मला ओरडल्या नाहीत.  "पाळी पुढे ढकलायची गोळी असेल," म्हणाल्या. "ती अशी महिनोन् महिने देतात का? तुम्ही काय जनावरं आहात?"

इंदू जगली. खेळ संपला तिचा. चार पायऱ्या चढली की धाप लागायची, बरंच काही बिघडलं होतं, आणि ते पुढे पुरतं सुधारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मालक दवाखान्यात आले. दारातच उभे राहिले. आवाज मऊ.

"गाडीचं जाऊ दे. रागात होतं माणसाकडून. तू गुणी पोट्टी हाय. निवडीच्या लोकायशी मी बोललो, तुह्यं नाव पक्कं हाय. क्लबची कॅप्टनही तूच." मग इकडेतिकडे पाहिलं. "फक्त एक काम कर. लोक विचारतीन. तू तिची जिवाची मैतरीन. तू सांगजो की तिचं बाहेर लफडं होतं, दिवस गेले होते, तिनं कुठून तरी गोळी आणून खाल्ली. लोक चार दिवस बोलतीन अन् भुलतीन."

इंदू जागी होती. डोळे मिटून, पण जागी. तिच्या पापण्या हलत होत्या.

माझं सगळं काही त्या दारात उभं होतं. निवड, नंबर, बूट, बॉल. हो म्हटलं की माझं.  लगेच नाही म्हणाले असं लिहायला आवडलं असतं, पण ते खोटं होईल.

"गोळी तुमच्या मावशीनं देल्ली," मी म्हणाले. "ताकासंगं देल्ली. जीभ वर करून पाह्यली. कोणी विचारलं तर मी हेच सांगीन."

"मंग तुह्या पायाले बॉल लागणार नाई कधी."

"मी सांगीन."

ते निघून गेले. संध्याकाळपर्यंत मी न सांगितलेली गोष्ट वर्धाभर झाली होती. पानठेल्यावर, बसस्टँडवर, जिनिंगच्या फाटकावर. इंदूचा बाप दवाखान्यात मान वर करून चालू शकत नव्हता. दिवाळीच्या आत क्लब बंद. पोट्ट्यांनी नाव घालवलं, असं मालक म्हणाले, आणि लोकांनी मान डोलावली. पगारी पोट्ट्या हा शब्द लोक आता वेगळ्या आवाजात म्हणू लागले. आमच्यातल्या दोघींची लग्नं मोडली. माझी निवड झाली नाही, हे सांगायला नकोच. गोळीचं मी ज्याला त्याला सांगितलं. बहुतेकांनी ऐकून विषय बदलला.

माय मात्र मला घ्यायला आली होती. एसटीत शेजारी बसून म्हणाली, "बूट कुठं?"

"तिथंच राह्यले."

"बरं झालं."

मी आता सेलूकडच्या एका शाळेत खेळ शिकवते. पोरी पाळीत खेळतात, नाही वाटलं तर नाही खेळत. त्यांचं त्या ठरवतात. यात मी काही मोठं केलेलं नाही. हे असंच असायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात मालकांच्या मुलाचा फोन आला. बोलणं अगदी गोड. जिल्ह्यातला पहिला पगारी मुलींचा क्लब त्याच्या वडिलांनी काढला, त्याचा आता सोहळा करायचा आहे. जुन्या खेळाडूंचा सत्कार. शाल, नारळ, दोन शब्द. वडील व्हीलचेअरवर असतात, पण येणार आहेत. "ताई, तुम्ही बोलाच," म्हणाला. "तुम्ही फायनलला गोल केला होता ना?" त्याला कोणीतरी तेवढंच सांगितलं आहे.

मी इंदूकडे गेले. ती सासरी आहे, दोन लेकरं आहेत. आमच्या मधोमध अंगणात तुरीच्या शेंगा पडल्या होत्या, त्या सोलत तिने सगळं ऐकलं.

"जाजो," ती म्हणाली. "सगळं बोलजो. अन् माह्यं नाव घेजो. पुरं नाव, बापाच्या नावासकट. लफडेवालीचा बाप म्हून त्याचं नाव गावभर झालं होतं."

"तुह्या घरचे?"

"मी येऊन राह्यली तुह्यासंगं. घरच्यायचं मी पाहीन."

मी त्या मुलाला कळवलं आहे की येते. इथे मालकाचं नाव मी लिहिलेलं नाही. घाबरून नाही. ते नाव मला त्याच्या तोंडावर घ्यायचं आहे, तो समोर बसलेला असताना, माईकवरून. शाल मी घेणार नाही. आधी त्याचं नाव, मग गोळी, मग इंदूचं पूर्ण नाव. माईक बंद केला तर तशीच बोलेन. मला ओढून खाली उतरवायचं असेल तर त्यांना मला हात लावावा लागेल. लावू देत.